हवापालट : जगाचा आणि घरचा

आमच्या लहानपणीं 'हवापालट' हा शब्द मोठा प्रतिष्ठित होता. घरांत कोणी दीर्घ दुखण्यांतून उठलें, कीं वैद्य अथवा डॉक्टर 'हवापालट करून या' असा सल्ला देत. ज्यांची ऐपत असे तीं माणसें पचमढीस किंवा चिखलदऱ्यास महिना-पंधरा दिवस राहून येत. ज्यांची नसे तीं आजोळीं जाऊन येत. माणूस हवा पालटावयास जाई. हवा आपल्या जागीं स्थिर असे. आतां नेमकें उलट झालें आहे. माणूस जागच्या जागीं आहे आणि हवाच पालटली आहे.

गेल्या उन्हाळ्यांतली गोष्ट. नागपुरास महाविद्यालयांत शिकणारी माझी नात सुटींत गोंदियास घरीं आली होती. दुपारचें ऊन असें होतें, कीं ओसरीच्या फरशीवर पाय ठेववेना. घरांत वाद चालला होता तो थंड हवेचें यंत्र, ज्याला सर्वजण 'एसी' म्हणतात, तें दुसरें घ्यावें कीं नाहीं याचा. एक यंत्र आहे, तें धाकट्या चिरंजीवांच्या खोलींत. थोरल्या सूनबाईंचें म्हणणें असें, कीं एकाच घरांत एकास गारवा आणि दुसऱ्यास उकाडा हा कोठला न्याय? मीं शिक्षकी पेशाच्या जुन्या खोडीप्रमाणें विजेचा अपव्यय, कोळशाचा धूर आणि पृथ्वीची तापवृद्धि यांवर एक छोटेंसें प्रवचन झोडलें. तें संपतांच नात म्हणाली, "आजोबा, तीस वर्षें झालीं, सारीं राष्ट्रें दरसाल परिषदा भरवीत आहेत, तरी उष्मा वाढतोच आहे. मग गोंदियाच्या एका घरानें एक यंत्र कमी घेतलें, तर जगाचें काय भलें होणार?"

प्रश्न सरळ होता. त्याचें सरळ उत्तर मला त्या दुपारीं देतां आलें नाहीं. आयुष्यभर मुलांकडून उत्तरें लिहवून घेणाऱ्यास ही गोष्ट कांहीं भूषणावह नव्हे. म्हणून पुढील कांहीं महिने मिळेल तें वाचलें, जाणत्यांस विचारलें, आणि आपल्याच जिल्ह्यांतल्या तलावांच्या पाळींवरून थोडी पायपीट केली. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें मांडतों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि पुढें थोड्या संस्कृताचें. शास्त्रज्ञाचा आव मी आणीत नाहीं. परंतु हाच वाद कमीअधिक प्रमाणांत घरोघरीं चालू असणार, अशी माझी खात्री आहे.

प्रथम शास्त्राचें मत थोडक्यांत सांगतों. कोळसा, खनिज तेल आणि इंधनवायु जाळले, म्हणजे कर्बवायु, अर्थात् कार्बन डायऑक्साइड, हवेंत मिसळतो. ही पृथ्वीच्या अंगावरची गोधडीच म्हणा ना! गोधडी मुळींच नसती, तर पृथ्वी गोठून गेली असती. पण ती दिवसेंदिवस जाड होत चालली आहे, ही चिंता. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारें २८० भाग असत. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हें गणित कालचें नव्हे. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनीं तें १८९६ सालींच मांडलें होतें. २०२४ हें वर्ष कारखान्यांपूर्वींच्या काळाहून सुमारें दीड अंशानें अधिक उष्ण ठरलें.

दीड अंश म्हणजे काय मोठेंसें, असें कोणास वाटेल. आपल्या अंगांत दीड अंश ताप कायमचा राहिला, तर आपण काय म्हणूं? शिवाय हवा एका अंशानें तापली, कीं ती सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवूं शकते. आणि धरून ठेवलेलें एकदम सोडून देते. आमच्या धानाच्या मुलुखांत शेतकऱ्यास याची फोड करून सांगावी लागत नाहीं. पऱ्हे तयार आहेत, पण रोवणीस पाणी नाहीं. आणि कापलेला धान बांधींत पडलेला असतां, नको तेव्हां सर कोसळते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला महापूर या भागांतले लोक अद्याप विसरलेले नाहींत. एका पुराचा सारा दोष तापलेल्या हवेवर टाकणें शास्त्रास धरून होणार नाहीं. पण असे प्रसंग वरचेवर येऊं लागतील, हें शास्त्रच सांगतें.

आतां परिषदांकडे वळूं. १९७२ सालीं स्टॉकहोम येथें मानवी परिसराविषयीं जी जागतिक परिषद भरली, तींत आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं दारिद्र्य आणि प्रदूषण यांचा संबंध जगापुढें ठेवला. हवामानासंबंधींचा मूळ करार झाला तो १९९२ सालीं, ब्राझीलमधील रिओ येथें. जबाबदारी सर्वांची, पण भार ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें आणि पूर्वकर्माप्रमाणें भिन्न, हें तत्त्व त्यांत मान्य झालें. १९९५ पासून, महामारीचें २०२० हें वर्ष वगळतां, या राष्ट्रांची बैठक दरसाल भरत आली आहे. २००२ ची आठवी बैठक आपल्या दिल्लींतच झाली. १९९७ सालीं जपानमधील क्योतो येथें श्रीमंत राष्ट्रांवर धूर कमी करण्याचें बंधन घातलें गेलें. अमेरिकेनें तें कधींच मंजूर केलें नाहीं. २००९ सालीं कोपनहेगन येथें, २०२० पर्यंत गरीब राष्ट्रांसाठीं दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करूं, असें वचन श्रीमंतांनीं दिलें. तें मुदतींत पाळलें गेलें नाहीं.

मग आला २०१५ चा पॅरिसचा करार. तापवृद्धि दोन अंशांच्या पुष्कळ आंत ठेवावी आणि दीड अंशावर रोखण्याचा यत्न करावा, असें त्यांत ठरलें. आणि काय करणार तें प्रत्येक राष्ट्रानें स्वतःच लिहून द्यावें, अशी योजना झाली. त्या वेळीं आपले पर्यावरणमंत्री पुण्याचे प्रकाश जावडेकर होते, आणि हवामानाच्या प्रश्नांत न्याय हवा, हा मुद्दा भारतानें तेथें आग्रहानें मांडला. २०१६ च्या गांधीजयंतीस भारतानें त्या करारास मान्यता दिली.

या परिषदांतली एक गंमत माझ्यासारख्या व्याकरणाची आवड असलेल्या माणसास विशेष भावली. पॅरिसला मसुदा अखेरच्या घटकेस अडला तो एका क्रियापदापाशीं. श्रीमंत राष्ट्रें धूर 'कमी करतीलच' असें मसुद्यांत होतें. अमेरिकेस 'कमी करावा' एवढेंच हवें होतें. शेवटीं पहिला शब्द ही लिहिणाऱ्याची चूक असें ठरवून दुसरा घातला, आणि करार पार पडला. मीमांसकांच्या भाषेंत सांगावयाचें, तर विधीचा अर्थवाद झाला! २०२१ सालीं ग्लासगो येथें असाच खल कोळशावर झाला. कोळसा 'बंद करीत न्यावा' असें लिहिलें होतें. भारतानें हरकत घेतल्यावर तें 'कमी करीत न्यावा' असें झालें. अर्धी मात्रा वांचली तरी हर्ष मानणारे आपले वैयाकरण तेथें असते, तर त्यांचा वेळ बरा गेला असता.

त्यानंतर २०२२ सालीं इजिप्तमध्यें, हवेच्या कोपानें ज्यांचें नुकसान होतें अशा राष्ट्रांसाठीं स्वतंत्र निधि काढण्याचें ठरलें. २०२३ सालीं दुबईस, खनिज इंधनांपासून हळूहळू दूर व्हावें, असे शब्द प्रथमच सर्वांनीं मान्य केले. २०२४ सालीं बाकू येथें श्रीमंतांनीं २०३५ पर्यंत दरसाल ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचें कबूल केलें. ही रक्कम अगदींच अपुरी आहे, असें भारताच्या प्रतिनिधींनीं तेथल्या तेथें सुनावलें. २०२५ च्या आरंभीं अमेरिकेनें पॅरिसच्या करारांतून पुन्हां बाहेर पडण्याचें जाहीर केलें, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ब्राझीलमध्यें बेलें येथें तिसावी बैठक तिच्यावांचून भरली.

मग या परिषदा व्यर्थ गेल्या काय? तसेंही म्हणतां येत नाहीं. पॅरिसच्या आधीं, जग होतें त्याच वाटेनें गेलें, तर शतकाअखेर साडेतीन-चार अंशांची वाढ होईल, असा अंदाज होता; आतां तो तीन अंशांच्या आंत आला आहे. रोग हटला नाहीं, पण ताप चढण्याचा वेग कांहींसा मंदावला. तेवढ्यावर समाधान मानणें जितकें चूक, तितकेंच 'कांहींच झालें नाहीं' म्हणून हात झटकणेंही चूक.

या सर्व भांडणाचें मूळ काय, तें पाहिलें पाहिजे. एका भारतीय माणसामागें वर्षास सुमारें २ टन कर्बवायु हवेंत जातो. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक, आणि अमेरिकेची सुमारें १४ टन. गरीबाच्या चुलीचा धूर आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तागडींत तोलूं नये, असा युक्तिवाद अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनीं १९९१ सालींच एका पुस्तिकेंत केला होता. एक जगण्याचा धूर, दुसरा चैनीचा. आपल्या देशाची परिषदांतली बाजू मुख्यतः याच भेदावर उभी आहे, आणि ती न्याय्य आहे असें माझें मत आहे.

आतां आपलें गोंदिया यांत कोठें बसतें? दोन ठिकाणीं. पहिलें तिरोडा. तेथें प्रत्येकीं ६६० मेगावॉटचे पांच संच मिळून ३३०० मेगावॉटचें औष्णिक वीजकेंद्र २०१२ पासून टप्प्याटप्प्यानें उभें राहिलें. ग्लासगोचा तो 'कमी करीत न्यावा' हा शब्द अशाच केंद्रांच्या उंच धुराड्यांविषयींचा आहे. दुसरें ठिकाण आपल्या बांध्यांत आहे. धानाच्या बांधींत पाणी सतत तुंबून राहिलें, म्हणजे चिखलांत हवेवांचून जगणारे सूक्ष्म जीव मिथेन नांवाचा वायु तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कर्बवायूच्या पंचवीस पटींहून अधिक ऊब धरतो. ग्लासगोलाच शंभरावर राष्ट्रांनीं मिथेन कमी करण्याची प्रतिज्ञा केली, तींत भारत सामील झाला नाहीं. कारण उघड आहे. आपल्याकडे हा वायु मुख्यतः धान आणि गाईगुरें यांपासून निघतो, आणि तो जगण्याचा धूर आहे. म्हणजे आमच्या आमगांव-अर्जुनीच्या शेतकऱ्याची बांधी स्कॉटलंडमधल्या त्या सभागृहांत, कोणी तिचें नांव न घेतां, हजर होती.

येथवर सारें आपल्या सोयीचें आहे. पण याच ठिकाणीं मला ठेंच लागली, आणि ती लपवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आपली सरासरी २ टन आहे, ती कोणामुळें? माझ्यामुळें? वाचकांपैकीं पुष्कळांमुळें? देवरी-सालेकशाच्या जंगलांत उन्हाळ्यांत तेंदूपानें तोडून पुडे बांधणारी बाई, दुसऱ्याच्या बांधींत वांकून रोवणी करणारी मजूरबाई, सायकलीवर मासळी विकणारा ढिवर, यांच्या अल्प खर्चामुळें ती सरासरी खालीं आहे. मीं एक हिशेब करून पाहिला. एसी ताशीं साधारण सव्वा युनिट वीज खातो. रात्रीचे आठ तास धरले, तर दहा युनिटें. कोळशाच्या एका युनिटामागें सुमारें एक किलो कर्बवायु. म्हणजे रात्रीस दहा किलो, आणि उन्हाळा-पावसाळ्याच्या शंभर रात्रींत एक टन! त्या मजूरबाईचा वर्षाचा सारा वांटाही कदाचित् तेवढा भरणार नाहीं. परिषदेंत भारत अमेरिकेस जें सांगतो, तेंच ती बाई मला सांगूं शकेल. फक्त तिला कोणी सभागृहांत बोलावीत नाहीं, इतकेंच. गरीबांच्या सावलींत उभें राहून आपण आपलें ऊन चुकवीत आहों. देशानें आपली बाजू मांडावी, ती न्यायाचीच आहे. पण त्या युक्तिवादाचा आडोसा घरांतल्या चैनीस घेतां येणार नाहीं.

आतां तलावाची गोष्ट सांगतों, कारण माझ्या नातीच्या प्रश्नाचें उत्तर मला तेथें सांपडलें. आपले भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे तलावांचे. लहानमोठे मिळून सहा-सात हजार जुने तलाव या चार जिल्ह्यांत आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनीं उतार पाहून, माती ओळखून ते बांधले. नवेगांवबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं सुमारें तीनशे वर्षांपूर्वीं बांधला, असें सांगतात. पुढें १९७५ सालीं त्याच परिसरांत राष्ट्रीय उद्यान झालें. सरकारी कागदांत या तलावांस 'मामा तलाव' म्हणतात. मामाच्या गांवचा म्हणून नव्हे, तर 'माजी मालगुजारी' याचें तें लघुरूप!

मालगुजारीच्या दिवसांत पावसाळ्यापूर्वीं गांव मिळून पाळीस माती घाली, पाट साफ करी, आणि पाणी कोणत्या बांधीस केव्हां द्यावयाचें तें ठरलेलें असे. हें रामराज्य होतें, असें मात्र कोणी समजूं नये. मालगुजाराच्या बांधीस पाणी आधीं मिळे, आणि पाळीवर माती टाकणाऱ्यांतले पुष्कळ जण वेठीचे असत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, हें उत्तम झालें. पण तिच्याबरोबर तलाव सरकारजमा झाले, आणि हळूहळू गांवानें हात काढून घेतला. 'तलाव सरकारचा, पाळ फुटली तर सरकार पाहील.' सरकारचें कार्यालय दूर. गाळ सांचला, बेशरमाची झुडुपें माजलीं, बुडीत जमिनींत अतिक्रमणें झालीं, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याचें पाणी आटलें. ज्या तलावांच्या कांठीं सारसाची जोडी हमखास दिसे, तेथें आज सारस मोजावयास माणसें पाठवावीं लागतात, आणि अलीकडच्या गणनांत संपूर्ण जिल्ह्यांत त्यांचा आकडा चाळिशीच्या आसपास किंवा त्याच्याही खालींच भरला आहे.

याउलट उदाहरणेंही आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळानें मनीष राजनकर यांच्या पुढाकारानें ढिवर समाजाच्या मच्छीमारांस बरोबर घेऊन अर्जुनी मोरगांवच्या बाजूचे कांहीं तलाव पुन्हां सुधारले. बेशरम उपटून काढली, तलावांतल्या देशी पाणवनस्पति लावल्या, देशी मासळी परत आणली. आणि हें काम पाण्यांत उतरून करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनें होत्या. येथें कोणी एकट्यानें पुण्य कमावलें नाहीं, आणि मुंबईच्या हुकुमाची वाटही कोणी पाहिली नाहीं.

तलावाचा न्याय असा दिसतो. नियमावांचून केवळ प्रत्येकाच्या सज्जनपणावर पाणी सोडलें, तर वरच्या बांधीचा तें सारें घेईल. म्हणून पाणीवांटपाचा करार हवा. म्हणून परिषद हवी. पण करार झाला आणि पाळीवर माती घालावयास कोणीच गेलें नाहीं, तर तो करार कोरड्या तलावाचा राहील. 'एकट्यानें काय होणार' हा प्रश्नच म्हणून थोडा चुकीचा आहे. पाळीवर टाकलेली एक पाटी माती मोजली, तर शून्य. पण पाटी टाकावयास गेलेला माणूस दुसऱ्यास हांक मारतो, आणि न आलेल्यास जाब विचारण्याचा अधिकार त्यालाच असतो.

हें मी मोठ्या तोऱ्यानें लिहितों आहे खरा. पण माझा स्वतःचा दाखला याच्या विरुद्ध आहे, आणि तो सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. आमच्या वडिलोपार्जित जमिनींत, गांवाच्या अगदीं कडेला, एक बोडी होती. तीस वर्षांपूर्वीं भावाभावांच्या वांटण्या झाल्या तेव्हां ती बुजवून प्लॉट पाडण्याचें ठरलें. मी थोरला, पहिली सही माझी. त्याच वर्षीं मी वर्गांत मुलांना 'जलसंधारणाचें महत्त्व' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. आलेल्या पैशांतून पुतणीचें लग्न झालें आणि चिरंजीवांच्या शिक्षणाचा खर्च भागला. पैसा वाईट कामीं लागला, असें म्हणतां येत नाहीं. पण मोठा पाऊस झाला, कीं पाणी जुन्या बोडीचा पत्ता विचारीत तेथें येतें, आणि त्या प्लॉटांवरच्या घरांत शिरतें. मागें एका पावसाळ्यांत मी पाहावयास गेलों. माझाच एक जुना विद्यार्थी गुडघाभर पाण्यांत उभा राहून धान्याचा डबा माळ्यावर चढवीत होता. मला पाहून म्हणाला, "या गुरुजी, पण चपला हातांत घ्या." जमीन कोणाची होती, हें त्यास ठाऊक होतें. तो एक अवाक्षर बोलला नाहीं. इजिप्तच्या परिषदेंत ज्या नुकसानीच्या निधीवर श्रीमंतांनीं इतकीं वर्षें चालढकल केली, तो मागणाऱ्यांचें म्हणणें मला त्या दिवशीं कळलें.

चुलत भावाच्या वांट्यास दुसरी एक लहान बोडी आलेली आहे. तीही बुजवावी, असा विचार दोन वर्षांमागें निघाला. घरची मंडळी जमली असतां मीं हा प्रसंग सांगितला. भाऊ कांहीं वेळ रागावला. "तुमचे पैसे हातीं आले, आतां आम्हांस उपदेश," असें म्हणाला, आणि त्यांत तथ्य होतें. शेवटीं आमच्या थोरल्या वहिनींनीं तोड काढली. बोडी ठेवावी; गाळ काढण्याचा खर्च ज्यांनीं पहिल्या बोडीचे पैसे घेतले त्यांनीं द्यावा; आणि गाळ भावाच्या बांधींत पडावा. रिओच्या करारांतलें तत्त्व वहिनींनीं कोठें वाचलें नव्हतें, पण न्याय तोच होता. गेल्या मे महिन्यांत तें काम झालें.

आतां प्रत्येकानें काय करावें? आपल्या शास्त्रकारांचा एक सूचीकटाहन्याय आहे. लोहाराकडे एकानें कढई आणि दुसऱ्यानें सुई करावयास टाकली, तर तो आधीं सुई करून मोकळा होतो आणि मग कढईस हात घालतो. सोपें आधीं, अवघड मागाहून. मात्र सुई झाली म्हणून दुकान बंद करावयाचें नसतें.

सुईचीं कामें घरांतलीं. गच्चीस उन्हाळ्यापूर्वीं चुन्याचा पांढरा हात द्यावा. आंतला उकाडा लक्षांत येण्याइतका उतरतो. एसी लावावाच लागला, तर सोळा अंशांवर न ठेवतां पंचवीसच्या आसपास ठेवावा. नागपुरास एकट्यादुकट्यानें मोटारीनें गेल्यास एका खेपेस आठ-नऊ लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारें वीस किलो कर्बवायु; आणि आपल्या गोंदियासारख्या मोठ्या जंक्शनावर गाड्यांस तोटा नाहीं. लग्नमुंजींच्या पंगतींत अन्न किती टाकलें जातें, हें आचाऱ्यास विचारावें. थर्माकोलच्या ताटावर तर २०१८ पासून राज्यांत बंदीच आहे, आणि पळसाच्या पत्रावळी आपल्या घरच्या. धान कापल्यावर बांधींत उरलेलें तणस जाळूं नये. बांधींत पाणी सदा तुंबवून न ठेवतां मधून मधून उतरूं द्यावें व मग पुन्हां भरावें. यानें मिथेन पुष्कळ घटतो, कित्येकदां जवळजवळ निम्मा, आणि पाणीही वांचतें. मात्र पाणी हवें तेव्हां पुन्हां मिळेल, ही खात्री असेल तरच शेतकरी तें उतरूं देईल. आणि ती खात्री तलावावांचून येत नाहीं.

कढईचीं कामें मोठीं. ज्यांच्या घरावर गच्ची आहे त्यांनीं सूर्याची वीज घ्यावी. तीन किलोवॉटची मांडणी दिवसास सरासरी बारा युनिटें देते, आणि २०२४ सालीं निघालेल्या केंद्राच्या योजनेंत तिला ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलें गेलें. याहून मोठें काम ग्रामसभेंत आणि नगरपरिषदेंत आहे. आपल्या गांवच्या तलावाची मोजणी झाली काय, गाळ केव्हां निघणार, बुडीत क्षेत्रांत कोणाचे प्लॉट पडले, हें विचारण्यास सुशिक्षित माणसें जात नाहींत; तेथें गेलें पाहिजे. मत मागावयास येणाऱ्यासही हेच विचारावें. जो घरांत पाटी टाकतो, त्याच्या प्रश्नास तेथें वजन येतें.

एक भ्रम मात्र नको. आमचे आजोबा कर्बवायु कमी सोडीत, तें त्यांच्या सद्गुणामुळें नव्हे. साधनें नव्हतीं म्हणून. चुलीच्या धुरानें आमच्या आजीचे डोळे गेले. तें दारिद्र्य परत आणावें, असें मी म्हणत नाहीं. पण एकत्र कुटुंबाची एक जुनी युक्ति मात्र परत आणण्याजोगी आहे. एका चुलीवर बाराजणांचा स्वयंपाक होई, एका दिव्याखालीं सातजण अभ्यास करीत; थोडें साधन पुष्कळांस पुरे, कारण तें वांटून घेतलेलें असे.

आमच्या घरच्या वादाचा शेवट असाच झाला. दुसरें यंत्र आलें नाहीं. होतें तें धाकट्याच्या खोलींतून काढून माजघरांत बसवलें. वैशाखांत दुपारीं आणि रात्रीं तेथेंच सर्वांचीं अंथरुणें पडतात. धाकट्या सूनबाईंस हें फारसें रुचलेलें नाहीं. तरुण माणसांस आपली खोली हवी असते, आणि ती तक्रार खरी आहे. तिचा विचार पुढील उन्हाळ्यापूर्वीं करावा लागेल. पण थोरल्या सूनबाईंनीं विचारलेला 'हा कोठला न्याय?' हा प्रश्न तूर्त तरी मिटला आहे.

नातीस मीं पत्रानें कळविलें, कीं जगाचें किती भलें झालें तें मला मोजतां आलेलें नाहीं. पण परिषदेंत आपला देश जें मागतो, तें आम्हीं माजघरांत थोडें देऊन पाहिलें. तिचें उत्तर आलें, "दिवाळींत येईन तेव्हां बोडींत पाणी किती आहे तें दाखवा."